पाण्यात उमलणारी ‘संजीवनी’ आणि नावांचा घोळ

यात्रेच्या ठिकाणी, घाटातल्या देवळाबाहेर किंवा आठवडी बाजाराच्या कडेला एक दृश्य नेहमी दिसते. गोणपाटावर मुठीसारख्या आवळलेल्या, तपकिरी, वाळक्या वनस्पतींचा ढीग असतो आणि शेजारी स्टीलच्या वाटीत त्यांच्यातलीच एक पाण्यात हिरवीगार पसरलेली असते. विक्रेता तिला ‘संजीवनी बुटी’ म्हणतो. मधुमेह, मुतखडा, गुडघेदुखी, मूल न होणे, अशक्तपणा, एखाद्याकडे तर कर्करोगसुद्धा, अशी यादी तो एका दमात म्हणतो. आता हेच दृश्य मोबाइलवर आले आहे. काही तासांचे उमलणे अर्ध्या मिनिटात दाखवणारा व्हिडिओ, त्याखाली फोन नंबर आणि घरपोच पाठवण्याची सोय.

यातली खरी अडचण अशी की विक्रेता डोळ्यांदेखत जे दाखवतो ते खोटे नसते. वनस्पती खरोखरच उमलते.

तिचे शास्त्रीय नाव सेलाजिनेला ब्रायोप्टेरिस. विंध्य, सातपुडा, अरवलीच्या डोंगरांतल्या उघड्या खडकांवर ती वाढते. पाऊस संपला की शरीरातले बहुतेक सगळे पाणी गमावते, फांद्या आत वळवून चेंडूसारखी होते आणि महिनोन् महिने तशीच पडून राहते. पाणी मिळाले की काही तासांत पुन्हा पसरते आणि हिरवी होते. सर्वसाधारण झाडाची पेशी इतकी वाळली तर तिची आवरणे फाटतात, प्रथिने आकार गमावून निकामी होतात. या वनस्पतीच्या पेशींत काही विशिष्ट शर्करा आणि संरक्षक प्रथिने साठलेली असतात, ती पाण्याची जागा धरून ठेवतात. फांद्या आत वळल्यामुळे कडक उन्हापासून हरितद्रव्यही वाचते. जीवशास्त्राच्या दृष्टीने हे फार सुंदर प्रकरण आहे, आणि मोठ्या वनस्पतींमध्ये हे साधलेल्या जाती मोजक्याच आहेत.

मात्र उमलणे आणि जिवंत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेक्सिको आणि अमेरिकेच्या सीमेवरच्या वाळवंटात या वनस्पतीची एक चुलत बहीण राहते, सेलाजिनेला लेपिडोफायला. तीही जगभर ‘पुनर्जन्माचे झाड’ म्हणून विकली जाते. तिच्या फांद्यांचा अभ्यास केल्यावर दिसले की फांदीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूची घडण सारखी नसते, त्यामुळे पाणी शोषताना एक बाजू जास्त फुगते आणि फांदी सरळ होते. ही क्रिया यांत्रिक आहे. कधीच मेलेले झाडसुद्धा पाण्यात ठेवले की पसरते, फक्त हिरवे होत नाही. पावसाळ्यात घराचे लाकडी दार फुगून चौकटीत अडकते, तेव्हा ते लाकूड पुन्हा जिवंत झाले असे कोणी म्हणत नाही.

समजा वनस्पती जिवंत आहे. तरी तिच्या चिवटपणाचा रुग्णाला काय उपयोग? उंट कित्येक दिवस पाण्यावाचून राहतो म्हणून उंटाचे मांस खाल्लेल्या माणसाला वाळवंट ओलांडता येत नाही. सेलाजिनेला ब्रायोप्टेरिसवर २००५ साली ‘जर्नल ऑफ बायोसायन्सेस’ या भारतीय नियतकालिकात एक शोधनिबंध आला. वनस्पतीच्या अर्कामुळे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी उष्णता, अतिनील किरणे आणि ऑक्सिडेशनचा ताण जास्त चांगला सोसतात, असे त्यात दिसले. पेशी होत्या कीटकाच्या आणि उंदराच्या. निरीक्षण रंजक होते आणि संशोधकांच्या पातळीवर ते तिथवरच होते. त्यानंतर आजतागायत माणसांवर नीट केलेल्या मोठ्या चाचणीत या वनस्पतीने कोणताही आजार बरा झाल्याचे सिद्ध झालेले नाही. बाजारात मात्र ‘शास्त्रज्ञांनीही मान्य केले’ हे वाक्य त्या एका निबंधाच्या बळावर फिरत राहिले.

रामायणातली संजीवनी नेमकी कोणती, हा प्रश्न सरकारांनाही पडलेला आहे. २०१६ साली उत्तराखंड सरकारने तिच्या शोधासाठी २५ कोटी रुपये ठेवल्याचे जाहीर केले होते. त्याआधी २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी हाच प्रश्न वेगळ्या बाजूने तपासला होता. वेगवेगळ्या भारतीय भाषांत ‘संजीवनी’ किंवा तत्सम नावाने ओळखल्या जाणाऱ्या वनस्पती त्यांनी गोळा केल्या. एकमेकींशी काही नाते नसलेल्या कितीतरी वनस्पती निघाल्या, आणि चाळण लावल्यावर जी दोन-तीन नावे उरली त्यांत एक आमरी, म्हणजे ऑर्किड, होती आणि एक सेलाजिनेला. नाव एक, वनस्पती अनेक. प्रश्नाचे मूळ इथे आहे, आणि म्हणूनच वर्गीकरणासारखा रुक्ष वाटणारा विषय दवाखान्यापर्यंत येऊन पोहोचतो.

सेलाजिनेलाला लोक नेचा, म्हणजे फर्न, समजतात. ब्रायोप्टेरिस या नावातच नेच्याला असलेला ग्रीक शब्द आहे. ती नेचा नाही. नेचे, शेवाळी आणि सेलाजिनेलाचे कुळ यांच्यात समान धागा एवढाच की यांना फूल, फळ, बी काही नसते. पानाच्या मागच्या बाजूला दिसणारे तपकिरी ठिपके म्हणजे बीजाणूंची भांडारे. त्यातून धुळीसारखे बीजाणू उडतात. ओल्या जागी पडलेला बीजाणू थेट नेचा होत नाही, आधी नखापेक्षाही लहान, बदामाच्या आकाराची एक हिरवी चकती होते. तिच्यावर नर आणि मादी पेशी तयार होतात, नर पेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादी पेशीपर्यंत जाते आणि तिथून खरा नेचा उगवतो. हे सगळे डोळ्यांआड होत असल्यामुळे युरोपात शेकडो वर्षे समजूत होती की नेच्याचे बी अदृश्य असते आणि ते ज्याच्याजवळ असेल तोही अदृश्य होतो. सूक्ष्मदर्शकाने एकोणिसाव्या शतकात हे कोडे सोडवले. १८५१ साली जर्मनीच्या विल्हेल्म हॉफमाइस्टरने दोन पिढ्यांचे हे आलटून-पालटून चालणारे चक्र मांडले.

विसाव्या शतकातल्या पाठ्यपुस्तकांत नेचे आणि ‘नेच्यांचे सोबती’ असा ढोबळ गट होता. सेलाजिनेला, लायकोपोडियम, हॉर्सटेल आणि सायलोटम या सगळ्यांना त्या सोबत्यांच्या पोतडीत टाकलेले असे. डीएनए वाचता येऊ लागल्यावर ही पोतडी फाटली. २००१ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवले की हॉर्सटेल आणि सायलोटम हे नेच्यांच्याच घरातले आहेत आणि हे घर बी असलेल्या झाडांचे सर्वांत जवळचे शेजारी आहे. सेलाजिनेला आणि लायकोपोडियमची शाखा त्याआधीच, चाळीस कोटी वर्षांच्या आसपास, वेगळी झाली होती. म्हणजे नेच्याला संजीवनी बुटीपेक्षा आंबा आणि नारळ जवळचे. २०१६ साली जगभरातल्या ९४ तज्ज्ञांनी मिळून या वनस्पतींचे नवे वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात एकूण ११,९१६ जाती धरल्या आहेत, त्यांपैकी १०,५७८ नेचे आणि १,३३८ सेलाजिनेलाच्या शाखेतल्या. दोन वर्षांपूर्वीची एक बातमीही याच घरातली आहे. न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या, सायलोटमच्या कुळातल्या एका हातभरसुद्धा नसलेल्या नेच्यात आजवर सापडलेला सर्वांत मोठा जनुकसंच आहे, १६० अब्ज अक्षरांचा, माणसाच्या पन्नासपट. इतक्या अक्षरांचे त्याला काय करायचे असते, हा प्रश्न अजून खुला आहे.

वंशवेल बदलली की रसायनेही बदलतात, आणि डॉक्टरांचा संबंध तिथे येतो. ‘नेचा’ या एका शब्दाखाली औषध, भाजी आणि विष तिन्ही नांदतात.

जुन्या वैद्यकातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ड्रायोप्टेरिस फिलिक्स-मास या युरोपीय नेच्याचे. त्याच्या खोडाचा अर्क पट्टकृमीवर दिला जाई. प्राचीन ग्रीकांना तो माहीत होता. अठराव्या शतकात एका बाईने गुप्त ठेवलेला या औषधाचा नुस्खा फ्रान्सच्या राजाने, सोळाव्या लुईने, विकत घेऊन जाहीर केला. औषध काम करत होते, यात शंका नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते औषधकोशांत होते. पण उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडे. मात्रा चुकली की रुग्णाची दृष्टी कायमची जाई, काही दगावतही. निक्लोसामाइड आणि प्राझिक्वांटेल आल्यावर ते मागे पडले. हजार-दोन हजार वर्षांचा वापर हा सुरक्षिततेचा पुरावा मानणाऱ्यांनी ही कथा लक्षात ठेवण्यासारखी आहे.

लायकोपोडियमची पिवळी, रेशमासारखी बीजाणूंची पूड एकेकाळी गोळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून वापरत आणि शस्त्रक्रियेच्या हातमोज्यांतही टाकत. ही पूड पोटात सांडली की तिच्याभोवती गाठी तयार होतात, हे १९३०च्या दशकात लक्षात आले. मग टाल्क आले, नंतर स्टार्च, आणि शेवटी पावडर लावलेल्या हातमोज्यांवर अमेरिकेत बंदीच आली. त्याच शाखेतल्या ह्युपर्झिया सेराटा या वनस्पतीतून चिनी शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात ह्युपर्झिन-ए वेगळे केले. चीनमध्ये ते स्मृतिभ्रंशावर दिले जाते, इतरत्र ‘मेंदूसाठी पूरक’ म्हणून ऑनलाइन विकले जाते. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दिवसातून दोनदा २०० मायक्रोग्रॅम या मात्रेला अल्झायमरच्या रुग्णांत अपेक्षित लाभ दिसला नाही. हे रसायन मेंदूत करते ते काम डोनेपेझिल या गोळीसारखेच आहे. घरातल्या आजोबांना ती गोळी चालू असताना मुलाने परदेशातून हीही बाटली पाठवली तर नाडी धोकादायकरीत्या मंदावू शकते. ‘वनस्पतीचेच आहे’ म्हणून डॉक्टरांना सांगायचे राहून जाते.

भाजीच्या बाबतीत तर फरक आणखी बारीक आहे. डिप्लाझियम एस्क्युलेंटम या नेच्याचे कोवळे, गुंडाळलेले कोंब हिमाचल-उत्तराखंडात लिंगड, लिंगुडा म्हणून आणि आसामात ढेकिया म्हणून आवडीने खाल्ले जातात. तसेच गुंडाळलेले कोंब ब्रॅकन या नेच्यालाही येतात. ब्रॅकनमध्ये टाक्विलोसाइड नावाचे द्रव्य असते, ते डीएनएला इजा करते. हिमालयाच्या पायथ्याशी ते चरणाऱ्या गुरांना मूत्राशयाच्या गाठी होऊन लघवीतून रक्त जाण्याचा रोग होतो आणि तो पशुवैद्यांना चांगला परिचित आहे. हे द्रव्य गाईच्या दुधातही उतरते, असे दक्षिण अमेरिकेतल्या अभ्यासांत आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८७ साली ब्रॅकनला ‘माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेले’ या वर्गात ठेवले. जपानी लोक ब्रॅकन खातात, पण राखेच्या किंवा सोड्याच्या पाण्यातून काढून, उकळून. त्याने विष बरेच कमी होते, संपतेच असे नाही. खाण्याजोगा मानलेला नेचासुद्धा कच्चट राहिला तर त्रास देतो. १९९४ साली कॅनडा आणि न्यू यॉर्कमध्ये ऑस्ट्रिच फर्नचे अर्धवट शिजलेले कोंब खाऊन अनेकांना उलट्या-जुलाब झाले होते. हॉर्सटेलची गोष्ट निराळी. केस आणि हाडांसाठी त्याचा चहा विकला जातो, पण त्यात ब-१ जीवनसत्त्व मोडणारे विकर असते. कुपोषित किंवा मद्यपी माणसाच्या शरीरात हे जीवनसत्त्व आधीच तळाला असते.

मराठी मुलखातली नावेही या घोळाला अपवाद नाहीत. आडिअँटमला हंसराज म्हणतात, झाडांच्या खोडांना बिलगणाऱ्या ड्रायनेरियाला बाशिंग. ही नावे बरीच स्थिर आहेत. मयूरशिखा मात्र पाहावी. या संस्कृत नावाने कोणी ॲक्टिनिऑप्टेरिस हा ताडाच्या रोपासारखा दिसणारा चिमुकला नेचा देतो, कोणी आडिअँटमची एक जात, तर कोणी चक्क कोंबड्याच्या तुऱ्यासारखे फूल येणारा सिलोसिया. पहिले दोन निदान नेचे तरी आहेत. सिलोसिया फुलझाड आहे, त्याचा त्यांच्याशी संबंध आंब्याइतकाच. जुन्या ग्रंथातला गुण खरा मानला तरी तो कोणत्या मयूरशिखेचा? नावाच्या अशा गल्लतीने काय होते, हे बेल्जियमने पाहिले आहे. तिथे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी जवळपास त्याच नावाची ॲरिस्टोलोकिया गेली. शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे बाद झाली आणि पुढे त्यांच्यापैकी अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला.

कायदा या सगळ्यात कुठे आहे? १९५४च्या औषध व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात ५४ आजारांची यादी आहे. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, मुतखडा हे सगळे त्यात येतात आणि ते बरे करण्याची जाहिरात करणे गुन्हा आहे. जाहिरातीची व्याख्या तर मजेशीर वाटावी इतकी रुंद आहे. तोंडी केलेली घोषणा तिच्यात येते, आणि प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेलीही. सत्तर वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्यांच्या मनात मोबाइल नसणार, पण आजचा व्हिडिओ या व्याख्येत नेमका बसतो. उणीव अंमलबजावणीची आहे. आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी औषधांच्या जाहिरातींना आधी परवानगी घ्यायला लावणारा नियम १७० हा २०१८ साली आला, जुलै २०२४ मध्ये केंद्राने तो वगळला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण बंद होताना ती स्थगितीही उठली. त्यावर वाद पुष्कळ झाले. पण हा नियम परवानाधारक उत्पादकांसाठी होता. गोणपाटावरच्या ढिगाला ना परवाना, ना लेबल, ना तपासणी. वनस्पती चुकीची निघाली तरी कोणाला विचारायचे, हे ग्राहकाला कळत नाही.

गरीब विक्रेत्याच्या मागे लागून यातले फारसे सुधारणार नाही, हेही मान्य करायला हवे. तो डोंगरातून आणलेला माल विकतो आणि त्याला मिळणारे पैसे थोडेच असतात. नुकसान दुसऱ्या दोन ठिकाणी होते. बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या मधुमेह्याने महिना-दीड महिना इन्सुलिन सोडून बुटीचे पाणी घेतलेले असते आणि पायाची जखम तोवर हाडापर्यंत गेलेली असते. बुटीने त्याला विषबाधा केलेली नसते, तिने वेळ खाल्लेला असतो. दुसरे नुकसान डोंगरावर. बुटी मुळासकट उपटली जाते, आणि बीजाणूपासून नवी वनस्पती तयार व्हायला ओल, सावली आणि बराच काळ लागतो.

हे सगळे वाचून नेच्यांमध्ये औषधी किंवा उपयोगी असे काही नसतेच, असा समज झाला तर तोही चुकीचा ठरेल. २००१ साली फ्लोरिडातल्या संशोधकांना टेरिस व्हिटाटा हा नेचा जमिनीतले आर्सेनिक शोषून पानांत साठवतो असे आढळले. जुन्या चुन्याच्या भिंतींवर सर्रास उगवणारा हा नेचा दूषित जमीन साफ करायला उपयोगी ठरू शकतो, आणि त्याच कारणाने दूषित जमिनीवरचा तोच नेचा औषध म्हणून घेणे घातक. लखनऊच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने २०१६ साली ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त दाखवले की टेक्टेरिया मॅक्रोडोंटा या नेच्यातले एक प्रथिन पांढऱ्या माशीला मारते. त्याचे जनुक घातलेल्या कापसावर बंदिस्त शेतातल्या चाचणीत माशी टिकली नाही आणि माशीमुळे पसरणारा पाने मुरडण्याचा रोगही आला नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१५ साली, पंजाबातला कापूस याच माशीने बुडवला होता. हे प्रथिन सापडले, कारण अनेक नेचे गोळा करून, प्रत्येकाची जात पक्की ठरवून, एकेक तपासणारे लोक संस्थेत होते. भारतात नेच्यांच्या हजाराहून अधिक जाती आहेत आणि पान उलटून, ठिपक्यांची मांडणी पाहून जात सांगू शकणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी. विद्यापीठांत वर्गीकरणशास्त्राच्या जागा रिकाम्या राहतात, रेणवीय जीवशास्त्राच्या भरल्या जातात. प्रयोगशाळेतल्या यंत्राला नमुना कोणाचा आहे हे आधी कोणीतरी सांगावे लागते, हे निवड समित्यांच्या ध्यानात येत नसावे.

ज्यांच्या घरात अशी बुटी, चूर्ण किंवा काढा चालू आहे त्यांनी तो लपवू नये. दवाखान्यात येताना गोळ्यांच्या पाकिटांबरोबर वनस्पतीचा तुकडाही आणावा, शक्य तर पान पूर्ण असलेला, मागचे ठिपके शाबूत असलेला. डॉक्टरांनीही ‘अजून काय घेता?’ हा प्रश्न रागावून विचारू नये, नाहीतर उत्तर मिळत नाही. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, दोन्हीकडे वाळवून जपलेल्या वनस्पतींचे संग्रह आहेत. विषबाधेची शंका असलेल्या रुग्णाच्या नमुन्याची ओळख तिथून करून घेण्याची ठरलेली वाट जिल्हा रुग्णालयांना आखून दिली, तर तिला फार खर्च येणार नाही. सापाच्या बाबतीत मेलेला साप घेऊन दवाखान्यात धावणारे नातेवाईक अजून दिसतात. वनस्पतीचा नमुना आणण्यात तर तसा धोकाही नाही.